एकास हजार

सोमवार, ४ ऑगस्ट

सव्वीस वर्षं गाडी डेपोत लावली की लॉगशीट भरायची सवय. किती किलोमीटर, कुठे खोळंबा झाला, ब्रेक कसे लागतात. मग गुडघ्याने दगा दिला, डॉक्टरांनी क्लच बंद केला आणि लॉगशीट संपली. हात मात्र शिवशिवत राहिले. म्हणून हिने ही वही आणून दिली. म्हणाली, "आता गाडीची पुरे झाली, स्वतःची नोंद ठेवा."

आज विद्यापीठातला पहिला दिवस. बी. ए., भूगोल. वय एक्कावन्न. फॉर्म हिनेच भरला होता, मी फक्त सही केली. मी वर्गात शिरलो तर सगळी मुलं उभी राहिली. त्यांना वाटलं सर आले. मीही सवयीने "बसा, बसा" म्हणालो. ती बसली, आणि मग मी त्यांच्यातच जाऊन बसलो. त्यावर जो हशा पिकला तो पाच मिनिटं मिटेना. मागून कुणीतरी ओरडलं, "लाइट गेली!" मी वर पाहिलं. दिवे तर चालू होते.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

उलगडा झाला. "लाइट गेली" म्हणजे काही कळलं नाही. "पाणी आलं" म्हणजे सर किंवा मॅडम येताहेत, गप्प बसा. मुद्द्यावर न येता जो गोल गोल फिरतो त्याला म्हणतात "कंटूर मारू नको". परीक्षेत शून्य मिळालं की तो माणूस "समुद्रसपाटीवर". ही भाषा गेल्या वर्षीच्या मुलांकडून यांच्याकडे आली म्हणे, आणि रोज त्यात भर पडते.

सगळ्यात मजा निरोप घेण्याची. "बाय" कुणी म्हणत नाही. नकाशाचं प्रमाण सांगतात. तासाभराने भेटायचं असेल तर "एकास शंभर". उद्या भेटायचं असेल तर "एकास हजार". मध्ये रविवार आला तर "एकास दहा हजार". लांबची सुट्टी असेल तर थेट "एकास लाख". जितकं अंतर जास्त तितका आकडा मोठा. डोकं आहे पोरांना! आमच्या वेळी आपलं साधं "येतो" असायचं.

प्रात्यक्षिकासाठी चौघांचा गट पाडला. एक लंबूटांग मुलगा, आवाज असा की दोन मजले खाली ऐकू जावा. त्याचं नाव भोंगा. एक बुटकी, सदा काहीतरी उचलून धावत असलेली मुलगी, ती मुंगी. एक बारीक, अबोल मुलगी, जी रेघ काढते, खोडते, पुन्हा काढते, ती रबर. चौथा मी. मला अजून नाव नाही. नुसते काका.

बुधवार, २० ऑगस्ट

नाव पडलं. हँडब्रेक!

झालं असं की भोंगा आणि मुंगी वर्गाच्या वतीने विभागप्रमुखांना तक्रारीचं पत्र द्यायला निघाले होते. भाषा अशी की दोघांना घरी बसवलं असतं. मी दारात आडवा झालो, म्हटलं, आधी बसा, हे पत्र उद्या सकाळी पुन्हा वाचा, मग द्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ते फाडलं. त्यावरून हे नाव. आता जो तो येता-जाता "हँडब्रेक काका" करतो. वयाची खिल्ली, दुसरं काय. हिला सांगितलं तर पोट धरून हसली. म्हणाली, "ब्रेक नसलेल्या गाडीत कोण बसतं?" हिला सगळंच गोड वाटतं.

नकाशाच्या खोलीत मला खिडकीजवळची कोपऱ्यातली खुर्ची देतात. माझा पाय लांब करावा लागतो, तो वाटेत येत असणार. मुंगी तर माझ्या आधी येऊन त्या खुर्चीवर स्वतःची पिशवी ठेवते आणि मी आलो की उचलते.

रबर जरा शिष्ट आहे. आज पॅसेजमध्ये मागून तीनदा हाक मारली, ढुंकून पाहिलं नाही. हुशार मुलांना असतो असा ताठा.

गुरुवार, ४ सप्टेंबर

पहिली चाचणी. वीसपैकी तीन. भोंगा खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, समुद्रसपाटीपासून फक्त तीन मीटर उंचीवर!" सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत मात्र हसू उरलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. सोडून द्यावं झालं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज नोंद मोठी होणार.

सोडायचं ठरवूनच गेलो होतो. कार्यालयात अर्ज कुठे मिळतो ते विचारलंही. तेवढ्यात प्रात्यक्षिकाची वेळ झाली, म्हटलं शेवटचं बसून घेऊ. नकाशावर त्या कंटूरच्या रेघा असतात, समान उंचीच्या. त्यांच्यावरून डोंगराचा छेद काढायचा. माझा डोंगर दर वेळी उलटा येतो, खड्डा होतो त्याचा.

रबर समोर बसली होती. काही न बोलता उठली, माझ्या शेजारी आली, माझा कागद ओढला. मग स्वतःची मूठ टेबलावर ठेवली आणि पेनाने बोटांच्या सांध्यांभोवती गोल गोल रेघा काढल्या. एकाभोवती एक, मुठीवर चढत गेलेल्या. नंतर मूठ उघडून तळवा सपाट केला. रेघा पसरल्या. हातावर डोंगराचा नकाशा! पुन्हा मूठ मिटली, डोंगर उभा राहिला. चार वेळा मिटली, चार वेळा उघडली.

माझी लाइट आली.

म्हटलं, "पोरी, मॅडमना तीन तासांत जमलं नाही ते तू मिनिटात केलंस." मी वहीत वाकून बोललो होतो. तिने उत्तर दिलं नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मग मी वर बघून पुन्हा म्हणालो तेव्हा हसली. शिष्ट नाही, लाजाळू आहे. अर्ज कार्यालयातच राहू दे.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

छेद जमतात आता. दुसऱ्या चाचणीत अकरा. भोंगा आख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडला, "हँडब्रेक काका टेकडीवर!" आता हे थांबायचं नाही.

आमचा डेपोतला एक शब्द यांनी कसा कोण जाणे उचललाय. काम संपलं की दोनदा चुटकी वाजवून म्हणतात "डबल". मी मागे कधीतरी सांगितलं होतं की कंडक्टरने दोन घंटा दिल्या की गाडी काढायची. आता मुंगीपासून प्राध्यापकांच्या केबिनबाहेरच्या पोरांपर्यंत सगळे डबल-डबल करतात. बहुतेक आणखी कुणी ड्रायव्हरचा मुलगा असावा वर्गात.

रबर हल्ली विचित्र वागते. मुंगीने विचारलं, "उद्या किती वाजता?" तर म्हणाली, "हो, चालेल." भोंगा म्हणाला, "पाणी आलं!" तर ही आपली बोलतच राहिली आणि मॅडमनी नेमकं हिलाच उभं केलं. सगळे हसतात तेव्हा हीसुद्धा हसते, पण थोडी उशिरा, दोघा-तिघांची तोंडं बघून. लक्ष नसतं. घरची आठवण येत असेल.

सोमवार, १३ ऑक्टोबर

रबरने तिची रंगीत पेन्सिलींची पेटी मुंगीला देऊन टाकली. "मला नवी मिळणार आहे," म्हणाली. चांगलं आहे. मला विचारत होती की तिच्या गावाकडे जाणारी सकाळची गाडी कितीची. मी पाठ म्हणून दाखवली: सहा-पाच, अकरा-चाळीस, सव्वातीन. तेवढाच आपला उपयोग.

बुधवार, १५ ऑक्टोबर

संध्याकाळी पाचला नकाशांची गुंडाळी करून सगळे निघाले. दारात नेहमीसारखं सुरू झालं. मुंगी म्हणाली, "एकास हजार." भोंगा म्हणाला, "एकास हजार!" मीही म्हणालो. रबर माझ्यासमोर थांबली. खाली वाकली. मला वाटलं काही पडलं. तिने चक्क माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "जाते, काका."

आणि गेली.

बसथांब्यापर्यंत आलो तरी तो शब्द कानात अडकून राहिला. जाते. बाकीच्यांना काही खटकलं नाही, त्यांचे कान त्यांच्या आकड्यांकडे. पण आपल्यात जाते म्हणतात का कधी? लहान पोरालाही आपण दटावतो, जातो म्हणू नकोस, येतो म्हण. सव्वीस वर्षं मी पहाटे घर सोडलं, एकदाही "जातो" म्हणालो नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सकाळी चहा घेताना हिला सांगितलं. ही इस्पितळात सिस्टर आहे, लहान मुलांच्या वॉर्डात, प्रश्न विचारण्यात पटाईत.

"मागून हाक मारली तर वळते?"

"नाही."

"बोलताना तुमच्या डोळ्यांकडे बघते की तोंडाकडे?"

मी आठवलं. "तोंडाकडे."

"भलत्याच प्रश्नाला 'हो' म्हणते?"

मी कप खाली ठेवला. ही म्हणाली, "अहो, त्या मुलीला ऐकू येत नाहीये. अडीच महिने शेजारी बसता, आणि कळलं नाही?"

वसतिगृहावर गेलो. रेक्टरबाई म्हणाल्या, खोली सोडली, अकरा-चाळीसच्या गाडीने निघाली. घड्याळात अकरा-वीस. या गुडघ्याने मी रिक्षापर्यंत धावलो.

गाडी फलाटावर लागलेली. स्टेअरिंगवर माझ्या हाताखाली शिकलेला ड्रायव्हर. मी आयुष्यात कुणासाठी गाडी थांबवली नाही. नवरदेवासाठी नाही, आमच्या साहेबांसाठी नाही. आज खिडकीत हात घालून म्हणालो, "दोन मिनिटं थांब." तो डोळे फाडून बघत राहिला. "उस्ताद, तुम्ही सांगताय?"

ती डावीकडे तिसऱ्या सीटवर, खिडकीशी. हाक मारली नाही, आता अक्कल आली होती. समोरच्या सीटला धरून तिच्याकडे तोंड करून उभा राहिलो. हळू बोललो, "तुला ऐकू येत नाही ना?"

तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता रडेल. रडली नाही. म्हणाली, "बारावीपासून कमी होत चाललंय. घरी सांगितलं तर बाबा म्हणतील, बस झालं शिक्षण. मॅडम फळ्याकडून वळून बोलतात तेव्हा कळतं. पुस्तकातले शब्द ओठांवरून कळतात, ते आधीच माहीत असतात. तुमचे शब्द रोज नवे. ते कुठे शोधू? सगळे हसले की मी हसते. कशाला हसले ते खोलीवर जाऊन शोधत बसते."

मी म्हणालो, "मलाही पहिल्यांदा काही कळायचं नाही."

"तुम्हाला कुणी रोज 'एक आजार' म्हणायचं नाही."

"काय?"

"निघताना. माझ्याकडे बघून सगळे म्हणतात ना, एक आजार. तुम्हीसुद्धा."

एकास हजार. मी मनातल्या मनात ओठ हलवून बघितले. एक आजार. फरक आहे तो फक्त आवाजात. पोरगी अडीच महिने रोज संध्याकाळी ते ऐकून, म्हणजे बघून, हसून हात हलवत होती.

खिशातून पेन काढलं आणि तिच्या बॅगेला लटकलेल्या चिठ्ठीवर लिहिलं, १ : १०००. खाली लिहिलं, "उद्या भेटू."

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग तोंडावर ओढणी धरली.

मागून एक गृहस्थ ओरडले, "ओ काका, बसा तरी नाहीतर उतरा तरी!" ड्रायव्हरने रेस दिली. मी तिला म्हणालो, "एक दिवस दे. माझी बायको इस्पितळात सिस्टर आहे, कान तपासून घेऊ. नाही पटलं तर उद्या याच गाडीत मी स्वतः बसवून देईन."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग उठली आणि टपावरच्या ट्रंकेकडे बोट दाखवलं.

गाडी सात मिनिटं उशिरा सुटली. ड्रायव्हरला लॉगशीटवर काय कारण लिहिणार विचारलं, तर म्हणाला, "लिहितो की, ब्रेकमध्ये बिघाड."

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

कानाच्या तपासणीची खोली म्हणजे एक कपाटच, भिंतींना आतून जाड फोम. कानाला हेडफोन लावून बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. काचेतून दिसत होती. बटणावर अंगठा ठेवून वाट बघत होती आणि अंगठा बराच वेळ हललाच नाही.

दोन्ही कानांची नस कमजोर आहे. बरं होणारं नाही, पण मशीन लावून खूप फरक पडेल, असं डॉक्टर म्हणाले. कानाचा साचा घेतला, दोन-तीन आठवडे लागतील. हिने मलाही त्या कपाटात बसवलं. माझा एक कान इंजिनाने अर्धा खाल्लाय म्हणे! हिला आनंदच झाला. "म्हणजे मी सांगितलेलं ऐकू येत नाही हे खरं होतं तर."

रबर वसतिगृहात परत गेली. एकच अट घातली: गटात कुणाला सांगायचं नाही. वेळ आली की ती स्वतः सांगेल. मी वचन दिलं.

बुधवार, २९ ऑक्टोबर

वचन मोडलं.

नकाशे जमा करायचा दिवस. रबरचा नकाशा राहिला होता, तिला तारीख बदललेली कळलीच नव्हती. भोंगा चिडला. मागून दोनदा ओरडला, ती वळली नाही. तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "हिची लाइट कायमचीच गेलीय!" हशा झाला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तिला ऐकू येत नाही, मूर्खा!"

हशा कापल्यासारखा थांबला. सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने कागदावरून मान वर केली, एकेकाचा चेहरा बघितला, शेवटी माझा. काय झालं ते तिला न ऐकता कळलं. पेन्सिली गोळा केल्या आणि निघून गेली.

जो दुसऱ्यांना थांबवतो म्हणून नाव मिळालं, त्याला स्वतःची जीभ थांबवता आली नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

पाच दिवस झाले. वर्गात येते, पुढे बसते, माझ्याकडे बघत नाही. सोडून गेली नाही एवढंच. चिठ्ठी लिहिली, फाडली. पुन्हा लिहिली, तीही फाडली. त्यात "पण" फार होते.

ही म्हणाली, "माफीला शब्द शोधू नका. समोर उभे राहा आणि तोंड उजेडाकडे ठेवा."

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गाठलं. ऊन तोंडावर घेऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "चुकलो."

तिने हातातली पुस्तकं पायरीवर ठेवली. मग म्हणाली, "त्यांना कळलं याचा राग नाही, काका. ते मी सांगणार होते. रोज रात्री आरशासमोर पाठ करत होते. तुम्ही माझं वाक्य घेतलंत."

मी पुन्हा "चुकलो" म्हणालो.

"एकदा ओठांवरून वाचलंय," ती म्हणाली. "दोनदा नको." पण जागा करून दिली. आम्ही तिथेच बसून शेंगदाणे खाल्ले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मशीन आली. तिने ती कानात घालून यायच्या ऐवजी डबी आणली आणि नकाशाच्या खोलीत, नकाशे गिरवायच्या काचेच्या टेबलावर उघडून ठेवली. खालचा दिवा लावलेला, त्यामुळे दोन्ही मशीन शिंपल्यांसारखी उजळली. मग ती उभी राहून म्हणाली, "काकांनी अर्धं सांगितलंय. उरलेलं मी सांगते."

सगळं सांगितलं. एक आजारसुद्धा.

मुंगी हुंदके देऊन रडायला लागली. भोंगा, ज्याचा आवाज कधी संपत नाही, तो जमिनीकडे बघून पुटपुटायला लागला. रबर म्हणाली, "वर बघून बोल, मला दिसत नाही." त्याने मान वर केली. "मला वाटायचं तू मला भाव देत नाहीस. म्हणून जास्त चिडवायचो." एवढं बोलताना कानापर्यंत लाल झाला होता. मग माफी म्हणून इतक्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या खोलीतून मॅडम आल्या.

"ओरडू नकोस," रबर म्हणाली, "समोर ये. ओरडलास की ओठ वाकडे होतात."

नंतर मशीन घातली. पहिला आवाज तिला कोणता ऐकू आला विचारलं, तर म्हणाली, पंख्याचा. तो इतका खडखडतो हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मशीनने सगळं होत नाही. गोंगाटात सगळेच आवाज सारखे मोठे होतात. म्हणून मुंगीने नियम काढला: कुठलाही नवा शब्द आधी रबरला दाखवायचा, त्याची हाताची खूण तिने ठरवायची, मगच तो वापरायचा. आता तीच आमची टांकसाळ. "पाणी आलं" म्हणजे हनुवटीखाली तळहात. "लाइट गेली" म्हणजे डोळ्यांपुढे मूठ. निरोपाला चिमटीतलं अंतर, जितका वेळ लांब तितकी चिमूट मोठी, आणि सुट्टीसाठी दोन्ही हात पसरायचे. गंमत म्हणजे दुसऱ्या गटांतली पोरंही आता हातवारे करतात. मॅडमचा तास चालू असताना पाठीमागे अख्खी गप्पांची बैठक चालते आणि कुणी चकार शब्द काढत नाही. मॅडम म्हणतात, वर्ग किती शांत झालाय!

शुक्रवार, १२ डिसेंबर

रबरने घरी फोनवर लिहून खरं सांगितलं. तिच्या बाबांची पिठाची गिरणी आहे. पलीकडून एवढंच उत्तर आलं: "शनिवारी येतो न्यायला. सामान बांधून ठेव."

उद्या शनिवार. उद्याच आमचं मैदानावरचं सर्वेक्षण, वर्षातलं सगळ्यात मोठं काम. ती म्हणाली, "सर्वेक्षण करून जाईन." मी नावाचाच हँडब्रेक.

शनिवार, १३ डिसेंबर

तिचे बाबा नऊला आले. ठेंगणे, केसांवर पिठाची पांढरी झाक, हातात ट्रंक बांधायचा दोर. आवाज भोंग्याच्याही वरचा. गुडघ्यामुळे मला मैदानाच्या कडेला कठड्यावर बसवलं होतं, तिथे माझ्या शेजारी बसले.

"तुम्ही ते बसवाले?"

"हो."

"माझे कान गिरणीने घेतले. मला माहितेय बहिऱ्याची गत काय होते. गिऱ्हाईक सांगतं जाड, मी दळतो बारीक. लोक तोंडावर हसतात. पोरीने ते कशाला सोसायचं? घरी राहील, सांभाळू आम्ही." हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की पलीकडच्या झाडावरचे पक्षी उडाले.

मी नुसतं समोर बोट दाखवलं.

मैदानाच्या मधोमध तिपाईवर फळा ठेवून, त्यावर कागद ताणून रबर उभी होती. भोंगा लाल-पांढरा दांडा घेऊन पार टोकाला, ओढ्याच्या पलीकडे. मुंगी साखळी धरून तिसरीकडे. वारा असा सुटला होता की कुणाचं कुणाला ऐकू येईना. शेजारच्या गटाची पोरं घसा फोडून ओरडत होती, "डावीकडे! अरे डावीकडे!" आणि त्यांचा दांडेवाला उजवीकडे चालला होता.

रबरने नुसता हात बाजूला केला. दोनशे पावलांवर भोंगा दोन पावलं सरकला. तिने तळहात दाखवला, तो थांबला. बोट किंचित कलतं केलं, त्याने दांडा सरळ केला. दोनदा चुटकी, आणि मुंगी साखळी घेऊन पुढच्या खुणेकडे पळाली. एकही शब्द नाही. दुपारपर्यंत त्या तिघांनी सात कोन संपवले. शेजारचा गट तिसऱ्यावर अडकलेला. शेवटी त्यांच्यातली एक मुलगी येऊन रबरला म्हणाली, आमच्या दांडेवाल्यालाही तूच सांग ना. मग रबर डाव्या हाताने एक गट हलवायला लागली आणि उजव्या हाताने दुसरा.

गिरणीवाले कठड्यावरून कधी उठून उभे राहिले ते मला कळलं नाही.

मॅडमनी फळ्यावरचा नकाशा तपासला. जिथून सुरुवात केली तिथेच शेवटची रेघ यायला हवी. साधारण सगळ्यांची बोटभर चुकते. हिची राईएवढी चुकली होती. मॅडम विचारत होत्या, "गटप्रमुख कोण?" आणि भोंग्याने, मुंगीने एकदम तिच्याकडे हात केला.

बाबा तिच्याजवळ गेले. मी लांबच राहिलो, वाऱ्यामुळे काही ऐकू आलं नाही. ती कागदावर बोट फिरवून त्यांना काही दाखवत होती, ते वाकून बघत होते. मग त्यांनी काहीतरी विचारलं. तिने कानातलं एक मशीन काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते उजेडात धरून उलटसुलट पाहिलं, आणि माझ्या बायकोबद्दल विचारलं असणार, कारण दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. पुढच्या महिन्यात तपासणीसाठी यायचं कबूल केलंय त्यांनी. स्वतःच्या कानांच्या.

सव्वातीनच्या गाडीपर्यंत मी त्यांना सोडायला गेलो. दोर खांद्यावर तसाच गुंडाळलेला. गाडीत बसले, खिडकीची काच वर केली. कंडक्टर आला आणि विचारलं, "दोन ना? येताना म्हणाला होतात, मुलीला घेऊन परतायचंय."

गिरणीवाल्यांनी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि एक बोट वर केलं.